शौल-दावीदाचं आख्यान: दीड तासाचं ख्रिस्ती कीर्तन कसं बांधावं

बायबलमधल्या पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकात इस्राएलचा पहिला राजा शौल आणि पुढे राजा होणारा मेंढपाळ दावीद यांची कथा आहे. तिच्यावर कीर्तन करायचं ठरलं की बहुतेक जण राक्षसी देहाच्या गल्याथापासून सुरुवात करतात. गोफण फिरली, धोंडा लागला, धिप्पाड गडी कोसळला, टाळ्या पडल्या. वीस मिनिटांत सगळा जोर संपतो आणि उरलेला वेळ शौल नुसता भाला फेकत राहतो. असं बांधलेलं आख्यान हमखास पडतं. शौलाला दावीदाचा वाटणारा मत्सर श्रोत्यांच्या जिव्हारी लागायला हवा असेल, तर आधी शौल त्यांना आवडला पाहिजे. म्हणून उत्तररंग, म्हणजे कीर्तनाचा कथेचा भाग, याबेश-गिलाद या गावापासून उघडा आणि याबेश-गिलादावरच आणून सोडा. पुढची सगळी मांडणी यावरच उभी आहे.

वेळ, जागा, साथ

दीड तास म्हणजे ९० मिनिटं. नमन धरून पूर्वरंग (म्हणजे पद आणि त्याचं निरूपण) २५, मधला गजर ५, उत्तररंग ५०, शेवटची भैरवी आणि प्रार्थना १०. उत्तररंगातली वाटणी अशी ठेवा: याबेश ८, मिखमाश ८, एला खोरं ८, बायकांचं गाणं आणि मत्सर १२, रानातले दिवस ६, सिकलाग आणि गिलबोवा ८. घड्याळ पेटीवाल्यासमोर ठेवा, कीर्तनकाराच्या समोर नको. एला खोऱ्यात आठाची बारा मिनिटं होऊ लागली की पेटीवाल्यानं ठरलेला सूर धरून ठेवायचा. ती खूण तालमीतच पक्की करून घ्या.

सोलापुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारीची संध्याकाळ उत्तम. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या मंडपात सात वाजताही भट्टी असते, घामानं तबल्याची पुडी ओलसर होऊन सूर उतरतो. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराच्या गड्ड्याचे दिवस सोडा. रस्ते भरलेले असतात, लोक वेळेवर पोचत नाहीत, आणि लाउडस्पीकरशी स्पर्धा करण्यात गळा बसतो. पूर्व भागात कीर्तन असेल तर समोरच्या कित्येकांची घरची भाषा तेलुगू असते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. त्यांना मराठी नीट कळतं, पण जोडाक्षरांनी भरलेलं पद पहिल्या ऐकण्यात उचलता येत नाही. मूळ पद दोन ओळींचं, सोप्या शब्दांचं ठेवा.

साथीला पेटी, तबला आणि टाळाची एक जोडी पुरते. पेटीवर पुरुष कीर्तनकारानं काळी एक, बाईंनी काळी चार धरून पाहावं आणि तिथून आपापल्या गळ्याप्रमाणे सरकावं. बुक्का, हार हे प्रकार ख्रिस्ती कीर्तनात नसतात, त्यामुळे मधल्या गजरानंतर मोकळी जागा राहते. ती घोषणांनी भरू नका. घोषणा कीर्तनाआधीच उरकून घ्या.

पूर्वरंग: उंचीचा धागा

मूळ पदासाठी १ शमुवेल १६:७ घ्या. माणूस बाहेरचं पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो, एवढाच आशय आपल्या शब्दांत बांधा. हे वचन निवडायला एक पक्कं कारण आहे. या कथेत तीन उंच पुरुष आहेत. शौल सगळ्या लोकांहून खांद्याच्या वर उंच. दावीदाचा थोरला भाऊ, इशायाचा मुलगा एलीयाब इतका देखणा आणि उंच की राजा निवडायला आलेल्या शमुवेल संदेष्ट्याला वाटलं, हाच राजा. आणि तिसरा गल्याथ. निरूपणात पहिल्या दोघांनाच आणा. गल्याथाचं नावही घेऊ नका, तो उत्तररंगात आल्यावर श्रोत्यांना धागा आपोआप सापडतो.

निरूपणात एक जागा हातची घालवू नये. राजा म्हणून नाव निघालं तेव्हा हा उंच शौल सामानसुमानात लपून बसला होता. हे सांगताना हसू येऊ देऊ नका. तो लाजाळू होता, स्वतःला लहान समजत होता. पुढचा मत्सर याच मुळातून फुटतो, आणि हे बी इथे नीट पेरलं तर उत्तररंगात समजावत बसावं लागत नाही.

याबेश-गिलाद

अम्मोनी राजा नाहाश यानं याबेशला वेढा घातलाय. तहाची अट, प्रत्येकाचा उजवा डोळा काढायचा. गावाचे वडीलधारे सात दिवसांची मुदत मागतात. निरोप शौलाच्या गावी, गिब्याला पोचतो तेव्हा शौल, राजा झालेला शौल, शेतातून बैलांमागून घरी येत असतो. इथे थांबा. जिरायती मुलखातल्या श्रोत्याला औतावरून परतणारा माणूस डोळ्यांसमोर उभा करून द्यावा लागत नाही. ओवी अशी चालेल:

बैल हाकीत रस्त्यात, शौल ऐकतो आकांत,
कोप पेटला मनात, याबेशासाठी ॥

मग तो बैलांची जोडी कापून तिचे तुकडे इस्राएलभर पाठवतो. जो येणार नाही त्याच्या बैलांचं असंच होईल. बेजेकला फौज जमते, तो तिच्या तीन तुकड्या करतो आणि पहाटेच्या प्रहरी छावणीत घुसतो. ऊन चढेपर्यंत अम्मोनी असे पांगतात की दोघे एकत्र उरत नाहीत. हा भाग कटावात, म्हणजे भरभर म्हणायच्या यमकबद्ध ओळींत घ्या, द्रुत लय, एका दमात बारा-चौदा ओळी. लहान मुलं समोर असतील तर डोळ्यांची अट एका वाक्यात सांगून पुढे जा.

विजयानंतर लोक म्हणतात, शौलाला नावं ठेवणाऱ्यांना आणा, मारून टाकू. शौल म्हणतो, आज कोणालाही मारायचं नाही. कटाव संपल्या संपल्या हे वाक्य येतं म्हणून पुष्कळ कीर्तनकार ते धापा टाकत उरकतात. तबला पूर्ण बंद करा, दोन श्वास घ्या, मग ते वाक्य संथ म्हणा. संपूर्ण आख्यानात शौल याहून मोठा कधीच होत नाही, आणि पुढे नोब गावात हाच माणूस काय करतो ते याच वाक्याच्या मापानं मोजलं जाणार आहे.

मिखमाश: धैर्य आणि पहिला चुकलेला हुकूम

परिस्थिती दोन वाक्यांत सांगा. इस्राएलात लोहार उरलेला नाही, फाळ नि कुऱ्हाडी पाजवायलाही शत्रूकडे, पलिष्ट्यांकडे जावं लागतं, लढाईच्या दिवशी तलवार-भाला फक्त शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्याजवळ. शौलाजवळ माणसं उरलीत सुमारे ६००. अशात योनाथान आणि त्याचा शस्त्रवाहक बोसेस आणि सेने या दोन सुळक्यांमधून हातापायांनी वर चढतात. इथे साकी हे दोन ओळींचं वृत्त बसतं:

थोडे असोत अथवा पुष्कळ, देवा काय तयाचे ।
दोघे चढले कडा सरळ तो, बळ एका वचनाचे ॥

पहिल्या झटक्यात सुमारे २० माणसं पडतात, पलिष्टी छावणीत घबराट उडते. तोवर इकडे शौलानं शपथ घातलेली असते: संध्याकाळपर्यंत जो अन्न खाईल तो शापित. योनाथानाला हे ठाऊक नाही. तो काठीचं टोक मधाच्या पोळ्यात बुडवून चाखतो. सैन्य भुकेनं गळून जातं, आणि दिवस मावळताच लूट केलेली जनावरं रक्तासकट खाऊ लागतं. शेवटी बापच मुलाला मारायला निघतो. लोक आडवे येतात, त्याच्या डोक्याचा केसही खाली पडू देत नाहीत.

ही शपथ सांगताना शौलाला वेडा ठरवू नका. तो भिऊन देवाला बांधून घेऊ पाहतोय. सेनापती म्हणून चूक मात्र ढळढळीत आहे: लढणाऱ्या माणसाच्या पोटाचा विचार न करता दिलेला हुकूम. हा धागा सिकलागला पुन्हा उचलायचाय, म्हणून इथे दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

एक खबरदारी. मिखमाशला योनाथान हजार माणसांचा नायक आहे, आणि दावीद कथेत यायचाच आहे. त्यांना बरोबरीचे पोरगे दाखवण्याची रीत पडलीय, ती मोडा. मुरलेला सरदार आणि कालचा मेंढपाळ अशी जोडी उभी केली की योनाथानानं पुढे दावीदासाठी गादीचा हक्क सोडला त्याचं वजन कळतं.

एला खोरं: आकडे आणि गोफण

सोखो आणि अजेका यांच्या मधलं खोरं, समोरासमोर दोन डोंगर, मधे सपाटी. ४० दिवस सकाळ-संध्याकाळ पलिष्ट्यांचा गल्याथ पुढे येऊन ललकारतो. आकडे अचूक सांगा, कारण इथे प्रत्येकजण मनाचं भर घालतो. उंची सहा हात एक वीत, म्हणजे सुमारे २.९ मीटर. जुन्या ग्रीक भाषांतरात आणि मृत समुद्राजवळ सापडलेल्या शमुवेलाच्या एका हस्तलिखितात चार हात एक वीत आहे, म्हणजे साधारण २ मीटर. कीर्तनात एकच आकडा घ्या, दुसरा कोणी विचारला तर सांगा. चिलखत ५,००० शेकेल पितळेचं. शेकेल सुमारे ११.४ ग्रॅमचा धरला तर ५७ किलो. भाल्याचं लोखंडी पातं ६०० शेकेल, म्हणजे जवळजवळ ७ किलो. आणि भाल्याचा दांडा कशासारखा? विणकराच्या मागाच्या बीमसारखा. हे सोलापुरात सांगायला मिळणं हे भाग्य आहे. समोर कितीतरी माणसं अशी असतात ज्यांनी भरलेलं बीम उचलताना कंबर धरलीय. तुलना एकदाच म्हणा आणि गप्प व्हा. त्यांचं ते मोजून घेतात.

गोफण म्हणजे बेचकी नव्हे. मुलांच्या चित्रांत दावीदाच्या हातात रबराची गलोल दाखवतात, त्यामुळे तालमीतली पोरंही तसाच हात करतात. मोठ्यांना सांगावं लागत नाही. शाळूचं कणीस भरलं की माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायला वापरतात तीच ही गोफण: मधे धोंड्याची जागा, दोन बाजूंना दोन दोऱ्या, एका दोरीचा फास बोटात, दुसरीची गाठ चिमटीत. हात सरळ खाली सोडला की मधली जाळी जमिनीला टेकता टेकता राहील, एवढी लांबी ठेवावी. सोडायची ती फक्त गाठ. प्राचीन लाखीशच्या उत्खननात मिळालेले गोफणगुंडे साधारण ६ सेंटिमीटर व्यासाचे आहेत. म्हणजे ‘छोटासा खडा’ असं वर्णन करू नका. मुठीत मावेल असा गुळगुळीत धोंडा होता, आणि ओढ्यातून त्यानं असे पाच उचलले.

रंगमंचावर खरी गोफण फिरवू नका. माइकचा दांडा, पंखा, पेटीवाल्याचं डोकं, काही ना काही सापडतंच. रिकामा हात पुरतो. मनगटातून तीन फेरे, तिसऱ्याला चिमूट सोडा. तबल्याचा ‘धा’ चिमूट सुटताना पडला पाहिजे, धोंडा लागताना नव्हे. सुटल्यावर एक मात्रा शांत, मग गल्याथ पालथा पडल्याचं सांगा. ती शांत मात्रा चुकली की प्रसंग विनोदी होतो.

शौलाचं चिलखत दावीदाला जमलं नाही, हा भाग वगळू नका. राजानं आपली शस्त्रं स्वतःच्या हातांनी त्याला घातली होती. तोपर्यंत मत्सराचा मागमूस नाही.

बायकांचं गाणं आणि मत्सराच्या पायऱ्या

आख्यानाचा कणा इथे आहे. फौज परत येते, बायका डफ वाजवत नाचत सामोऱ्या येतात: शौलानं मारले हजार, दावीदानं दहा हजार. ही ओळ श्रोत्यांना शिकवा, चार वेळा म्हणून घ्या, टाळांसकट, हसतखेळत. पुन्हा घ्या, या वेळी टाळ बंद. तिसऱ्यांदा पेटीचा नुसता सूर, आणि तुम्ही शौलाच्या जागी उभे राहून ऐका. एकही शब्द न बदलता तेच गाणं विषारी होतं. हिब्रू कवितेत आधी लहान आणि मग मोठी संख्या जोडीनं घ्यायची रीतच आहे, बायकांनी दोघांचंही कौतुक केलं असणं अगदी शक्य आहे. हिशोब शौलानं मांडला.

हे गाणं पुस्तकात तीनदा येतं, हे फार थोडे कीर्तनकार वापरतात. दुसऱ्यांदा गथच्या राजाच्या, आखीशच्या सेवकांच्या तोंडी, तिसऱ्यांदा पलिष्टी सरदारांच्या. तिन्ही ठिकाणी तीच चाल, तीच ओळ घ्या.

मत्सर एकदम भडकवू नका, पायरीनं चढवा. आधी नजर: त्या दिवसापासून शौल दावीदाकडे डोळा ठेवून पाहू लागला. मग भाला. दावीद वीणा वाजवतोय, इथे पेटी एकटी, भूपात, खालच्या सप्तकात, आणि भाला सुटताच पेटीवाल्यानं स्वरावली अर्धी तोडायची, सम गाठायची नाही. मग बढती: हजारांचा नायक करून डोळ्यांआड लढाईवर पाठवणी. मग सोयरीक: मुलगी देतो म्हणून पलिष्ट्यांच्या हातून मरायला धाडणं. मेरब दुसऱ्याच्या घरी दिली जाते, मीखल दावीदाची होते. हुंड्याची अट कुटुंबासमोर ‘शंभर पलिष्टी मारल्याचा पुरावा’ एवढ्यावर ठेवा. मग उघड हुकूम, खिडकीतून नवऱ्याला उतरवणारी मीखल, पलंगावर घातलेली मूर्ती. मग योनाथानावरच फेकलेला भाला. आणि शेवटी नोब: पळून आलेल्या दावीदाला भाकरी दिली म्हणून याजक अहीमलेखासकट ८५ याजक मारायचा हुकूम. शौलाचे शिपाई हात उचलत नाहीत, अदोमी दवेग उचलतो. या जागी याबेशचं वाक्य परत म्हणा, ‘आज कोणालाही मारायचं नाही’, त्याच संथ लयीत. अधिक भाष्य करू नका.

अंगावरचं उपरणं आणि हातातल्या चिपळ्या एवढ्यावर सगळं भागतं. चिपळ्या म्हणजे शौलाचा भाला: दरबारात हातात, झाऊच्या झाडाखाली बसतानाही हातात, झोपताना उशाशी जमिनीत रोवलेला. शौल झालात की चिपळ्या उजव्या हातात, दावीद किंवा योनाथान झालात की खाली. उपरणं म्हणजे झगा: योनाथान तो काढून दावीदाला देतो, आणि एन-गेदीच्या गुहेत दावीद शौलाच्या झग्याचा काठ कापतो. पांढरं सुती उपरणं घ्या. राजाचा थाट म्हणून सोलापुरी चादर खांद्यावर घ्यायचा मोह होतो, पण तिचं वजन पहिल्या कटावातच खांद्यावरून घसरतं आणि एक हात ती सावरण्यात जातो. चादर बैठकीला अंथरा.

रान, सिकलाग, गिलबोवा

रानातले दिवस झटपट घ्या. एन-गेदी आणि छावणीतून भाला-पाण्याचा तांब्या पळवण्याचा प्रसंग, यांपैकी एकच निवडा. दोन्ही घेतले की श्रोत्याला आधी ऐकल्यासारखं वाटतं. उपरणं वापरत असाल तर एन-गेदी.

सिकलाग मात्र सोडू नका. शौलापासून पळालेला दावीद पलिष्टी राजा आखीशच्या आश्रयाला आहे, आणि त्यानंच दिलेलं हे गाव. अमालेकी टोळ्यांनी ते जाळून बायकामुलं नेलीत. दावीदाजवळ ६०० माणसं, त्यातली २०० बसोर ओढ्याशी थकून बसतात. उरलेल्या ४०० जणांनी लूट परत आणल्यावर काहीजण म्हणतात, मागे राहिलेल्यांना वाटा नको. दावीद ठरवतो: लढायला जाणारा आणि सामानाजवळ थांबणारा, दोघांना सारखा वाटा. मिखमाशची भुकेली फौज इथे आठवून द्या. दोन सेनापतींमधला फरक एवढ्या एका निवाड्यात दिसतो.

आता गाणं तिसऱ्यांदा. पुस्तकात हा प्रसंग सिकलाग जळाल्याचं कळण्याआधीचा आहे, शौलावर चाल करून निघतानाचा. पलिष्टी सरदार तीच ओळ आठवून आखीशला सांगतात, हा माणूस लढाईत आमच्याबरोबर नको. दावीदाला परत पाठवलं जातं. ज्या गाण्यानं शौल जळला, त्याच गाण्यामुळे दावीद शौलाविरुद्ध उभा राहण्यापासून वाचला. श्रोते इथे स्वतःहून मान हलवतात, तुम्ही फक्त क्रम नीट ठेवा.

गिलबोवा चार मिनिटांत. योनाथान, अबीनादाब, मलकीशुवा पडतात. शौल आपल्याच तलवारीवर पडतो. धडं बेथ-शानच्या तटाला टांगली जातात. आणि मग याबेशचे वीर रात्रभर चालून येतात, ती काढून नेतात, अस्थी झाऊच्या झाडाखाली पुरतात, सात दिवस उपास करतात. सुरुवातीला याबेशवर आठ मिनिटं नीट खर्चली असतील तर इथे एका ओळीत काम होतं. नसतील तर कितीही रडून उपयोग नाही.

दावीदाचा विलाप हीच भैरवी, वेगळं पद शोधू नका. शौल आणि योनाथान दोघांनाही तो सारखंच रडतो, मत्सराचा उल्लेखही नाही. श्रोत्यांकडून ध्रुवपद म्हणून घ्या, मग मूळ पदाची पहिली ओळ, मग प्रार्थना.

नंतर येणारे प्रश्न

लोक थांबून हमखास दोन गोष्टी विचारतात. दावीद आधीच दरबारात वीणा वाजवत होता, तर गल्याथ पडल्यावर शौल आपला सेनापती अबनेर याला ‘हा कोणाचा मुलगा’ असं का विचारतो? प्रामाणिक उत्तर असं की पुस्तकात दोन परंपरा शेजारी ठेवल्यात. जुन्या ग्रीक पाठात हा प्रश्न आणि सतराव्या अध्यायातला मोठा भाग नाहीच. कीर्तनात हा प्रश्न वगळला तर काही बिघडत नाही. दुसरं, गल्याथाला एलहानानानं मारलं असं २ शमुवेल २१:१९ मध्ये का? १ इतिहास २०:५ मध्ये तिथे गल्याथाचा भाऊ लहमी असं आहे. दोन्ही वचनं उघडून दाखवा आणि वाचणाऱ्याच्या हाती पुस्तक द्या.